मँचेस्टरच्या गॅस्केलबाई

मँचेस्टर म्हटले की आपल्याला आठवते ते कापड. आपल्या हातमागांच्या मुळावर आलेले गिरणीचे कापड! पण ते ज्या मजुरांनी तयार केले, त्यांच्या घरी रोज चूल पेटत होती का, हे विचारण्याचे आपल्याला सहसा सुचत नाही. त्याच गावातल्या एका धर्मोपदेशकाच्या पत्नीने ते विचारले, आणि कादंबरी लिहून विचारले. त्यांचे नाव एलिझाबेथ गॅस्केल.

बाईंचा जन्म १८१० चा, लंडनमधला. आई तान्हेपणीच गेली. नट्सफर्ड नावाच्या लहानशा गावी मावशीने त्यांना वाढविले. १८३२ साली विल्यम गॅस्केल यांच्याशी लग्न होऊन त्या मँचेस्टरला आल्या. मुली, पैपाहुणा, गोरगरिबांच्या घरी जाणेयेणे, असा तो संसार. १८४५ मध्ये त्यांचा तान्हा विली तांबड्या तापाने दगावला. मन कशात तरी गुंतावे म्हणून पतीनेच त्यांना लिहावयास सुचविले. त्यातून निघाली 'मेरी बार्टन'. १८४८ साली ती लेखिकेच्या नावावाचून छापली गेली.

या कादंबरीत जॉन बार्टन नावाचा एक गिरणीकामगार आहे. त्याचाही मुलगा त्याच तापाने आजारी पडतो. पोराला सकस अन्न हवे, आणि बापाला काम नाही. दुकानाबाहेर तो उभा असताना त्याच्याच जुन्या मालकाची बायको मेजवानीचे सामान गाडीत भरून निघून जाते. बार्टन घरी येतो, तो पोर गेलेले! आता सांगा, हा माणूस पुढे खुनापर्यंत पोचला तर त्याचा नुसता तिरस्कार करता येईल का? गिरणीमालक मात्र चिडले. बाईंनी एकच बाजू मांडली म्हणाले. पुढे 'नॉर्थ अँड साउथ'मध्ये बाईंनी मालकाच्या मनातही शिरून पाहिले. १८५३ च्या 'रूथ'मध्ये फसविल्या गेलेल्या कुमारी मातेची बाजू घेतली, तेव्हा तर पतीच्याच चर्चमधल्या दोघांनी ते पुस्तक जाळले.

आणि या लेखनाचे पैसे? डिकन्सच्या साप्ताहिकात १८५० साली बाईंची एक गोष्ट आली, तिचे वीस पौंड मिळाले. ते पतिराजांनी निवांतपणे खिशात घातले, असे बाईंनी एका पत्रात थट्टेने लिहिले आहे. माणूस चांगला होता हो. पण कायदाच तसा होता, पत्नीची कमाई ती पतीची. तो बदलावा म्हणून १८५६ साली ज्या अर्जावर स्त्रियांनी सह्या केल्या, त्यात बाईंचीही सही आहे.

डिकन्स त्यांना कौतुकाने शहरजादी म्हणे. अरबी गोष्टींतली, न संपणाऱ्या गोष्टी सांगणारी! त्याच्याच साप्ताहिकात 'क्रॅनफर्ड' आली. तुम्हाला एकच पुस्तक वाचायचे असेल तर हे वाचा. बँक बुडाल्यामुळे कफल्लक झालेली म्हातारी मॅटीबाई चहा विकायचे ठरविते; पण आधी गावातल्या दुकानदाराला जाऊन विचारते, 'तुमच्या धंद्याला धक्का तर बसणार नाही ना?' तिचा हरवलेला भाऊ हिंदुस्थानातून परत येतो. बाईंचा स्वतःचा भाऊ जॉन समुद्रावर गेला होता. तो मात्र कधीच परतला नाही.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली आणि तिकडचा कापूस थांबला. इकडे मुंबईत कापसाच्या भावाने लोक रातोरात लक्षाधीश होत होते. तिकडे मँचेस्टरच्या आसपास मजूर उपाशी होते. बाई आणि त्यांच्या मुली मदतकार्यात थकून जाईपर्यंत राबल्या.

अखेर त्यांनी हँपशायरमध्ये एक घर घेतले, पतीला न सांगता. म्हातारपणी त्यांना अचानक दाखवावे म्हणून. लेखणीच्या कमाईतले ते घर. १२ नोव्हेंबर १८६५ रोजी तिथेच मुलींशी बोलता बोलता बाई एकाएकी गेल्या. 'वाइव्ह्ज अँड डॉटर्स' ही कादंबरी मासिकात चालू होती. शेवटचे प्रकरण तेवढे लिहावयाचे राहिले.