जात्यापासून जलशापर्यंत
(विहाराच्या वर्धापनदिनी धर्मापुरी येथे केलेले भाषण)



आज मला गाण्याविषयी बोलायचे आहे. गाणे म्हणजे करमणूक, असे आपण धरून चालतो. पण समाज गाणे घडवतो आणि तेच गाणे उलटून समाजाला घडवते. हे पाहायला लांब जायला नको. आपल्याच बीड जिल्ह्यात पाहा.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेडोपाडी फिरून बायांच्या जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे. १९९६ साली ही मंडळी माजलगावच्या भीमनगरात आली आणि आपल्या बायांच्या ओव्या त्यांनी टेपवर घेतल्या.

पहिली ओवी देवाला, मग आईबापाला, भावाला, हा रिवाज जुना. भीमनगरच्या बायांनी चाल तीच ठेवली; पण ओवीत आता बाबासाहेब आले, रमाई आली, बुद्ध आले. म्हणजे १४ ऑक्टोबर १९५६ ची नागपूरची दीक्षा पहाटेच्या दळणापर्यंत येऊन पोचली! ज्या बाईला सभेला जाता आले नाही, अक्षर वाचता आले नाही, तिने जात्यापाशीच आपली सभा भरवली. बाबासाहेबांना तिने भाऊ म्हटले, घरातले केले. मांडीवरच्या लेकराच्या कानावर पहिल्यांदा भीमाचे नाव पडले ते तिथेच.

पुरुषमंडळींनी हेच काम चव्हाट्यावर केले. महात्मा फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज काढला. पुढे त्याच विचारातून सत्यशोधकी जलसे उभे राहिले. गण, गौळण, वग हा तमाशाचा साचा लोकांच्या ओळखीचा होता. त्यात त्यांनी शिक्षणाचा, समतेचा विचार भरला. तीच वाट नाशिककडच्या भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलशात पुढे नेली. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) तर गावोगाव गात फिरले. १९७८ साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या जळाल्या. १४ जानेवारी १९९४ पर्यंत, सोळा वर्षे, माणसांनी धीर धरला. त्यात सभा-मोर्च्यांइतकाच गाण्यांचा वाटा आहे.

आता आजचे बघा. पिठाची गिरणी आली, बाईचे कष्ट वाचले, चांगलेच झाले. पण जाते थांबले तशी ओवीची जागाही गेली. कॅसेट आली, मग डीजे आला. जयंतीला आवाज एवढा, की छाती हादरते आणि शब्द मात्र कानात शिरत नाही. वाजवा, नाचा, आनंद आपलाच आहे. पण ज्या शब्दांनी आपल्याला उभे केले, ते ऐकू तर आले पाहिजेत ना?

म्हणून एकच विनंती. वर्षावासात विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. ते संपल्यावर अर्धा तास आपल्या म्हाताऱ्या आयांना द्या. त्यांना ओव्या म्हणू द्या. पोरांनी त्या मोबाईलवर घ्याव्यात, पोरींनी वहीत उतरवाव्यात. कोणी म्हटली, कोणाकडून शिकली, तेही लिहावे. माजलगावच्या ओव्या राहिल्या, कारण कोणीतरी वेळेवर गेले. धर्मापुरीच्या आया अजून आपल्यासमोर बसल्या आहेत. त्यांच्याकडे आपणच जायचे आहे.

एवढे बोलून थांबतो. नमो बुद्धाय! जयभीम!