चोवीस गुरू आणि पाहणारी दृष्टी



श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात यदुराजा आणि एक तरुण अवधूत यांचा संवाद आला आहे. परंपरेने या अवधूताला श्रीदत्तात्रेय मानिले आहे. यदूचा प्रश्न सरळ होता. सारे जग काम आणि लोभ यांच्या वणव्यात होरपळत असता, गंगेच्या पाण्यात उभ्या राहिलेल्या हत्तीप्रमाणे हा एकटा शांत कसा? अवधूताने उत्तरादाखल कोणत्याही ग्रंथाचे नाव घेतले नाही. त्याने आपल्या चोवीस गुरूंची नावे सांगितली. आणि त्यांत पृथ्वी, वायू, समुद्र यांच्या जोडीला कबुतर, अजगर, पतंग, मासा, कोळी आणि बाण घडविणारा कारागीरही होता.

या यादीतील सर्वच गुरू सद्गुणी नाहीत, ही गोष्ट मुद्दाम ध्यानात घेण्याजोगी आहे. पृथ्वीपासून क्षमा घ्यावी, समुद्रापासून गांभीर्य घ्यावे, हे कोणासही पटेल. परंतु जाळ्यात सापडलेल्या पिलांमागोमाग स्वतः उडी घेणारे कबुतर, गीताला भुललेले हरीण, जिभेपायी गळाला लागलेला मासा, हे तर आपल्या दोषाने नाश पावलेले जीव! नाथमहाराजांनी आपल्या भागवत-टीकेत याचा उलगडा केला आहे. ज्याचा गुण घ्यावयाचा तो जसा गुरू, तसाच ज्याचा अवगुण पाहून आपण तो टाकावयाचा, तोही गुरूच. दुसऱ्याच्या पतनाकडे पाहून हसणारे पुष्कळ असतात. त्या पतनाला नमस्कार करून सावध होणारा विरळा.

आता अग्नी आणि पतंग यांचेच उदाहरण घ्या. दोघेही या चोविसांत आहेत. अग्नी तेजस्वी आहे. जे पदरी पडेल ते तो स्वीकारतो, पण त्याचा मळ अंगी लागू देत नाही. हा त्याचा धडा. पतंगही तोच अग्नी पाहतो. पण तो त्याच्या रूपावर झेप घेतो आणि जळून जातो. ज्वाला एकच. एकाला तिने ज्ञान दिले, दुसऱ्याचा प्राण घेतला. म्हणजे वस्तू आपण होऊन कोणाला शहाणे करीत नाही. पाहणाऱ्याची वृत्ती तिला गुरू करते किंवा काळ करते.

मधमाशीपासून अवधूताने दोन धडे घेतले. फुलाला इजा न करिता थोडथोडे घ्यावे, हा एक. आणि उद्याकरिता साठवू नये, हा दुसरा. कारण साठविलेल्या मधाच्या पायी माशीचा घात होतो आणि पोळे दुसराच घेऊन जातो. एकाच जिवाकडून ग्राह्य आणि त्याज्य दोन्ही निवडणे, याचे नाव विवेक.

विदेहनगरीची पिंगला ही वेश्या. धनिक गिऱ्हाइकाची वाट पाहत ती मध्यरात्रीपर्यंत दाराशी येरझारा घालीत राहिली. कोणी आले नाही. शेवटी आशा तुटली, आणि त्या तुटण्यातूनच तिला वैराग्य लाभले. ती सुखाने झोपी गेली. लोकांनी जिला दूर ठेविले, तिला अवधूताने सूर्यचंद्रांच्या पंक्तीत गुरू म्हणून बसविले. माणसांची प्रतवारी आधीच ठरवून बसलेल्या मनाला हा धडा मिळणे नाही.

प्रपंची माणसाला सर्वांत जवळची कथा कुमारिकेच्या कंकणांची. तिला मागणी घालण्यास पाहुणे आले, घरची मंडळी बाहेर गेलेली. पाहुण्यांकरिता ती आत भात कांडू लागली, तशी हातातली कंकणे वाजू लागली. घरचे दारिद्र्य उघडे पडेल या संकोचाने तिने ती एकेक करून कमी केली आणि प्रत्येक हातात एकच ठेविले. मग आवाज थांबला. अवधूताने यातून एकांताचा बोध घेतला. गृहस्थाला एकांत कोठला? पण त्यालाही येथे घेण्यासारखे आहे. त्या मुलीने कमी केली ती आपल्याच हातातली कंकणे. घरात खडखडाट झाला की प्रत्येकाला वाटते, दुसऱ्याचे कंकण उतरावे. आपला एक आग्रह, आपला एक कठोर शब्द जो प्रथम उतरवील, त्याच्याच घरी शांती येईल.

मात्र दृष्टी स्वच्छही हवी. कुंभारीण माशीच्या ध्यासाने अळीच माशी होते, असे पूर्वापार समजले जाई. आज हे ठाऊक आहे की, ती अळी माशीच्या पिलांचे अन्न असते आणि घरट्यातून बाहेर पडते ते माशीचेच पिलू. म्हणून ध्यासाचे महत्त्व उणे होत नाही. ते साधकाच्या अनुभवावर उभे आहे. परंतु सृष्टीला गुरू मानणाऱ्याने तिचे म्हणणे नीट ऐकून घेतले पाहिजे.

येथे कोणी विचारील, सारे चराचर गुरू असेल तर सद्गुरूंचे प्रयोजन काय? याचे उत्तर नाथांच्या चरित्रातच आहे. चोवीस गुरूंची ही कथा मराठीत विस्ताराने सांगणाऱ्या एकनाथांनी आधी देवगिरीला जनार्दनस्वामींची सेवा केली. पुढे पैठणला आरंभिलेली आपली टीका त्यांनी शके 1495, म्हणजे इ. स. 1573 मध्ये काशीक्षेत्री पूर्ण केली. पुस्तक समोर असले तरी अक्षरओळख कोणीतरी करून द्यावी लागते. सृष्टी हे पुस्तक आहे. ते वाचण्याची दृष्टी सद्गुरू देतात. ती लाभली की अंगणातली माती आणि चुलीतला विस्तवही बोलू लागतो.

मठाच्या या मंगल प्रसंगी प्रत्येक भक्ताला ती दृष्टी लाभो, हीच सद्गुरुचरणी प्रार्थना.