झाडाचे नाव कोणी ठेवले?

श्रोतेहो, कोकणच्या किनाऱ्यावरची सुरूची बने आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील. सुरू हा शब्द मूळचा फारसी, आणि तो एका निराळ्याच झाडाचा. दिसण्यातले साम्य पाहून आपण तो याला दिला. ऑस्ट्रेलियात गेलेल्या इंग्रजांना याच कुळातल्या झाडांचे लाकूड आपल्या ओकसारखे वाटले, पण जरा कमी प्रतीचे. म्हणून ते म्हणाले 'शी-ओक', म्हणजे ओकची मादी! कमअस्सल ते बाईमाणूस, हा त्या काळचा न्याय. शास्त्रज्ञांना त्याच्या लोंबत्या फांद्यांत कॅसोवरी पक्ष्याची पिसे दिसली, म्हणून ते कॅझुरिना. कूळ एकच, पाहणारे तीन.

1788 साली सिडनीला इंग्रजांची वसाहत झाली. राहायला घरे हवीत. लवचिक फांद्या विणायच्या आणि वर माती लिंपायची. आपला कूडच की हो! अशा विणीला इंग्रजीत वॉटल म्हणतात, म्हणून फांद्या देणारे झाडही वॉटल झाले. गंमत अशी, की ते पहिले झाड बाभळीच्या गोत्रातले नव्हतेच. नाव मात्र पुढे तिकडच्या बाभळींना चिकटले, आणि 1988 साली सोनेरी वॉटल त्या देशाचे राष्ट्रीय पुष्प ठरले.

खोडातून डिंकासारखा रस गळतो, तो 'गम ट्री'. तो 1843च्या सुमारास आपल्याकडे निलगिरी पर्वतावर लावला गेला, आणि मराठीत पर्वताचेच नाव झाडाला मिळाले.

मग या झाडांना आधी नावे नव्हती काय? होती तर! सिडनीचे मूळ रहिवासी एका लालभडक फुलाला 'वाराटा' म्हणत. 'करजाँग' हा त्यांचा शब्द मासे धरण्याच्या दोरीचा. जिच्या सालीची ती दोरी, त्या झाडालाच इंग्रजांनी तो लावला. 1789 साली देवीच्या साथीत त्यांची पुष्कळ माणसे दगावली. पुढे जमिनी गेल्या, भाषाही तोंडातून गेली.

पण विल्यम डॉज नावाच्या एका अधिकाऱ्याने 1790च्या सुमारास पाट्येगरांग या तिथल्या तरुण मुलीकडून त्यांची भाषा शिकून शब्द वहीत टिपले होते. त्या वह्यांच्या आधाराने त्यांचे वंशज आज ती भाषा पुन्हा शिकत आहेत.

शिक्षकबंधुभगिनींनो, आपल्या गावच्या झाडाझुडपांची नावे अजून म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी आहेत. वर्गात एक वही ठेवा. मुलांना आजीकडे धाडा. नाव काय ते लिहून आणू द्या, आणि ते का पडले, हेही विचारू द्या.