चार कॅचवाल्या रिसीव्हरला मार्क किती?

सुपर बोल आपल्याकडे सोमवारी पहाटे पाचच्या सुमारास सुरू होतो, म्हणजे तो बघणारे आपण सगळे झोपेवर पाणी सोडलेले लोक. अशाच एका पहाटे माझा मित्र मोबाईलवरचे आकडे दाखवत म्हणाला, "ह्याला टीममध्ये ठेवलाय कशाला? वर्षभरात चार कॅच!"

मला ते लागलं. कारण कॉलेजच्या क्रिकेट टीममध्ये मी दोन वर्षं बारावा होतो. मॅचहून घरी आलो की बाबा विचारायचे, "किती रन काढलेस?" काय सांगणार!

म्हणून आज हेच बोलूया. बेंचवरच्या वाइड रिसीव्हरला, म्हणजे पळत जाऊन क्वार्टरबॅकचा पास झेलणाऱ्या राखीव खेळाडूला, जोखायचं कसं?

आधी एक लक्षात घ्या. एनएफएलमध्ये ऑगस्टअखेर ९० जणांमधून ५३ जण उरतात. त्यात रिसीव्हर साधारण पाच-सहा. शेवटच्या जागेचा निर्णय म्हणजे कुणाची तरी नोकरी असते.

पहिला मुद्दा, आकड्यांचा. समजा त्याच्याकडे दहा पास आले, सात झेलले. ७० टक्के. त्यातला एक हातातून निसटला असता तर ६०. एका चेंडूने माणूस चांगल्याचा वाईट होतो! शंभर पास मिळणाऱ्याचं असं होत नाही. म्हणून तो किती वेळा मैदानात आला, किती वेळा पळाला, पळताना मोकळा झाला का, हे बघा. पास त्याच्याकडे टाकायचा की नाही, हे त्याच्या हातात नसतं.

दुसरा मुद्दा, न दिसणारं काम. न्यूयॉर्क जायंट्सचा डेव्हिड टायरी घ्या. २००७ च्या रेग्युलर सीझनमध्ये त्याचे कॅच चार, यार्ड ३५. मग टीममध्ये का? कारण तो स्पेशल टीमचा हुकमी खेळाडू होता. पंट किंवा किकऑफ झाला की जिवाच्या आकांताने पळत जाऊन समोरच्याला पाडायचं, हे काम. त्यासाठी २००५ च्या सीझनमध्ये त्याची प्रो बोलसाठी निवडही झाली होती. कॅचच्या रकान्यात यातलं काहीच दिसत नाही.

आणि मग ३ फेब्रुवारी २००८. समोर एकही मॅच न हरलेले पेट्रियट्स. शेवटचं दीड मिनिट, जायंट्स १०-१४ ने मागे. टायरीने उडी मारून चेंडू हेल्मेटवर दाबून धरला. ३२ यार्ड! जायंट्स १७-१४ ने जिंकले. त्यानंतर एनएफएलमध्ये त्याने एकही कॅच घेतला नाही.

म्हणजे तो महान रिसीव्हर होता का? नाही. आणि हाच तिसरा मुद्दा. एका कॅचवरून डोक्यावरही घेऊ नका.

सीहॉक्सचा ख्रिस मॅथ्यूज आठवतो? २०१५ च्या सुपर बोलपर्यंत एनएफएलमध्ये त्याच्या नावावर एकही कॅच नव्हता. त्या मॅचमध्ये चार कॅच, १०९ यार्ड, एक टचडाउन! पण पेट्रियट्सनी मग ब्रँडन ब्राऊनर हा उंच, दणकट कॉर्नरबॅक त्याच्यावर लावला आणि तो जवळजवळ दिसेनासा झाला. पुढच्याच सीझनमध्ये सीहॉक्सनी त्याला सोडलं. नवख्याची कुणी तयारी केलेली नसते. समोरच्याने ओळखल्यावर तो काय करतो, खरी परीक्षा तिथे असते.

तर पुढच्या वेळी राखीव रिसीव्हर मैदानात आला की चेंडू सोडा, त्याच्याकडे बघा. धाव दुसऱ्याची असताना तो ब्लॉक करतोय का? पास येणार नाही हे माहीत असूनही पूर्ण वेगाने पळतोय का? पंटच्या वेळी सगळ्यात आधी कोण पोचतंय? मग मार्क द्या. कमी द्या हवं तर, पण बघून द्या.

मित्राला मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बरं, दहापैकी पाच." चालेल!

आणि बाबा, तुम्ही ऐकत असाल तर : रन शून्य. पण बदली फील्डर म्हणून दोन कॅच आणि एक रनआउट. तुम्ही ते कधी विचारलंच नाहीत.

भेटूया पुढच्या भागात!