आधी वरण, मग भात

श्रोतेहो, आपल्याकडे पान वाढण्याची एक ठरलेली रीत आहे. वर मीठ; डाव्या हाताला लिंबू, चटणी, कोशिंबीर; उजव्या हाताला भाजी आणि उसळीची वाटी; आणि समोर मधोमध भाताची मूद, तिच्यावर पिवळे वरण आणि तुपाची धार. जेवणारा पहिला हात घालतो तो या वरणभातात. मग पोळी-भाजी, मग पुन्हा भात, आणि शेवटी ताक. उसळ बहुधा तोंडी लावण्यापुरतीच. ज्याचे पोट धड आहे त्याचे या रीतीने निभून जाते. थोडे इकडून, थोडे तिकडून, शरीराला लागणारे सगळे दिवसभरात पोटात जाते. पण ज्याचे पोटच लहान करून टाकले आहे त्याने काय करावे? वजन घटवण्यासाठी जठरावर शस्त्रक्रिया करून घेतलेल्यांची संख्या आता आपल्या गावोगावीही वाढते आहे. त्यांच्या पानाविषयी आज बोलायचे आहे.

मी डॉक्टर नव्हे. कॉलेजात मराठी शिकवणारा माणूस. पण माझ्या थोरल्या भावावर ही शस्त्रक्रिया झाली, आणि आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलेला हिशेब वहीत मांडून ठेवण्याचे काम घरात माझ्याकडे आले. त्या वहीतून जे समजले ते सांगतो.

ही शस्त्रक्रिया मुख्यतः दोन प्रकारची असते. एका प्रकारात जठराचा सुमारे पाऊण भाग काढून टाकतात; उरते ती केळ्याच्या आकाराची एक अरुंद नळी. दुसऱ्या प्रकाराला बायपास म्हणतात. त्यात जठराच्या वरच्या टोकाशी साधारण ३० मिलिलिटरची, म्हणजे औषधाच्या पेल्याएवढी, छोटी पिशवी करतात आणि लहान आतड्याचा पुढचा भाग तिला आणून जोडतात. अमेरिकेत आयोवा येथे डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली बायपासची सुरुवात केली. शस्त्रक्रिया कोणतीही असो, सुरुवातीला परिणाम एकच: चार-पाच घासांत पोट भरते.

आता चार-पाच घासांतच जेवण संपणार असेल, तर ते घास कशाचे असावेत हा प्रश्न फार मोठा होतो. आपल्या शरीरात चरबीचे कोठार असते. साखरेचीही एक लहानशी कणगी यकृतात आणि स्नायूंत असते. पण प्रथिनांचे वेगळे कोठार नाही. प्रथिने म्हणजे घराचे वासे, तुळया, भिंती. बाहेरून पुरेशी आली नाहीत तर शरीर आपलेच स्नायू मोडून ती मिळवते. चुलीला सरपण नाही म्हणून घराचे वासे काढून जाळावेत, तसलाच हा प्रकार. वजनाचा काटा खाली येत असतो, घरचे लोक खूष असतात; पण उतरते आहे ते चरबीचे वजन की मांड्यांतल्या आणि दंडांतल्या बळाचे, हे काटा सांगत नाही.

माझ्या भावाचे असेच झाले. चार महिन्यांत बावीस किलो वजन उतरले. शेजारीपाजारी वाहवा करू लागले. पण खाली बसलेला माणूस हाताला धरल्याशिवाय उठेना. दोन जिने चढले की बसायला जागा शोधी. बाईंनी चार दिवस खाल्लेले सगळे लिहून आणायला सांगितले. बेरीज केली तेव्हा दिवसाची प्रथिने तीस ग्रॅमच्या आसपास निघाली. निदान साठ हवी होती.

हा साठचा आकडा लक्षात ठेवावा. अशा शस्त्रक्रियेनंतर रोज कमीत कमी ६० ग्रॅम प्रथिने घ्यावीत असे सर्वसाधारणपणे सांगतात. उंचीप्रमाणे जे योग्य वजन ठरते त्याच्या दर किलोला दीड ग्रॅमपर्यंतही कोणाकोणाला सांगतात. आपापला आकडा डॉक्टरांकडूनच घ्यावा. विशेषतः मूत्रपिंडाचा विकार असेल त्याने तर विचारल्याशिवाय प्रथिने वाढवूच नयेत.

तुम्ही म्हणाल, घरात वरण रोज होते, मग कमी कसे पडेल? इथेच सारी गोम आहे. प्रथिने असतात डाळीत, पाण्यात नव्हे. शंभर ग्रॅम कोरड्या तूरडाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात खरी. पण वरणाच्या एका वाटीत डाळ असते जेमतेम वीस-पंचवीस ग्रॅम. आजाऱ्याला हलके म्हणून आपण वरचे निवळ पाणी देतो, त्यात तर फारच थोडे उतरते. भाताची पेज म्हणजे जवळजवळ सगळा स्टार्चच. आणि साबुदाणा? शंभर ग्रॅम साबुदाण्यात एक ग्रॅमसुद्धा प्रथिन नाही. म्हणजे प्रेमाने भरवलेल्या चार घासांनी पोट भरते आणि शरीर उपाशी राहते.

आमच्या घरी यावरून एक लहानसा वाद झाला. वहिनींनी भावापुढे नुसती मटकीची घट्ट उसळ आणि पनीरचे तुकडे ठेवले. आईला ते पाहवेना.

‘अगं, भाताशिवाय जेवण म्हणायचं का याला?’

‘आई, भात आहे ना, पण शेवटी वाढा. आधी ही उसळ संपू दे ह्यांची.’

‘आणि तोवर पोट भरलं तर?’

‘तर भात राहील. उसळ राहता कामा नये.’

सगळा आहारशास्त्राचा धडा वहिनींच्या या दोन वाक्यांत आला. पान तेच, पदार्थ तेच. फक्त क्रम उलटा. आधी डाळ, उसळ, दही, पनीर, अंडे किंवा मासळी, मग भाजी, आणि जागा उरलीच तर दोन घास भात किंवा चतकोर पोळी.

मराठीच्या शिक्षकाला इथे एक शब्द खुणावतो. ‘प्रोटीन’ हे नाव १८३८ साली मुल्डर या डच रसायनशास्त्रज्ञाने छापात आणले. ते त्याला सुचवले होते स्वीडनच्या बर्झेलियसने. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘पहिल्या स्थानाचे’ असा आहे. आपल्या ‘प्रथिन’ या शब्दातही ‘प्रथम’ ऐकू येतेच की! ज्याचे पोट लहान केले आहे त्याने या पदार्थाला नावाप्रमाणे पहिले स्थान द्यावे.

आता साठ ग्रॅम जमवायचे कसे? शस्त्रक्रियेला दोन-तीन महिने होऊन नेहमीचे अन्न सुरू झाल्यावर, शाकाहारी माणसाचा एक दिवस असा मांडता येतो. आकडे अर्थातच ढोबळ आहेत. सकाळी २०० मिलिलिटर दुधात चमचाभर साय काढलेल्या दुधाची पावडर: १० ग्रॅम. न्याहारीला ३० ग्रॅम मूगडाळ वाटून केलेले धिरडे आणि त्यात २५ ग्रॅम पनीर: १२ ग्रॅम. दुपारी ३० ग्रॅम कडधान्याची घट्ट उसळ आणि ५० ग्रॅम चक्का, साखर न घातलेला: ११ ग्रॅम. तिसऱ्या प्रहरी वीस ग्रॅम फुटाणे, चांगले चावून: ४ ग्रॅम. संध्याकाळी ५० ग्रॅम पनीर: ९ ग्रॅम. रात्री २० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या भिजवून, पिळून, भाजीत घालून: १० ग्रॅम. निजताना १५० मिलिलिटर दूध: ५ ग्रॅम. करा बेरीज, एकसष्ट होतात. दोन अंडी खाणाऱ्याला त्यातच १२ ग्रॅम मिळतात, आणि पाऊणशे ग्रॅम मासळी किंवा कोंबडीचे मांस खाणाऱ्याला चौदा-पंधरा. त्यांचे काम अधिक सोपे.

शाकाहारात आणखी एक गोष्ट सांभाळावी. धान्यात लायसिन नावाचा घटक कमी असतो, तो डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्यात बरे. म्हणून डाळ आणि तांदूळ यांची जोडी आपल्या पूर्वजांनी जमवली ती खोटी नाही. प्रमाण तेवढे बदलावे. मूगडाळ दोन वाट्या आणि तांदूळ एक वाटी, अशी मऊ खिचडी करून पाहा. दूध-दही रोज असले तर ही उणीव आपोआपच भरून निघते.

पहिल्या काही आठवड्यांत मात्र हे सगळे चालत नाही. आधी पातळ, मग वाटलेले मऊ, मग नेहमीचे, अशा पायऱ्या डॉक्टर आखून देतात. त्या ओलांडू नयेत. पातळ आहाराच्या दिवसांत दुधातल्या प्रथिनांची पावडर सांगतात. तिच्या तीस ग्रॅममध्ये साधारण वीस ते पंचवीस ग्रॅम प्रथिने असतात. तिला नाके मुरडण्याचे कारण नाही. ती दुधातूनच काढलेली असते. पुढे ज्या दिवशी जेवण कमी जाईल त्या दिवशीही ती हाताशी असावी.

खाण्याची रीतही बदलावी लागते. घास लहान, चावणे पुष्कळ, आणि जेवणाला निदान वीस मिनिटे. जेवताना पाणी पिऊ नये. अर्ध्या तासाने घोट घोट घ्यावे. लहानशा पिशवीत पाण्याने जागा अडवली तर अन्न कुठे जाणार? गोड फार जपून. बायपास झालेल्याला साखरेने घाम, धडधड, पोटात कळा असा त्रास होऊ शकतो. लोह, ब-१२, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या सांगितल्या असतील त्या चुकवू नयेत. प्रथिने त्यांची जागा घेत नाहीत. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळू लागतात, ते बहुतेकांचे पुढे थांबते. पण पायांवर सूज आली, थकवा हटेना, उलट्या थांबेनात, तर घरगुती उपाय करत बसू नये, डॉक्टरांना गाठावे. आणि स्नायू टिकायचे तर त्यांना काम हवे. डॉक्टरांनी परवानगी दिली की थोडे वजन उचलण्याचा, खुर्चीवरून उठण्या-बसण्याचा व्यायाम हवाच.

आता दोन शब्द घरच्या मंडळींना. आग्रह करून वाढणे हा आपल्याकडे मायेचा नियम. लग्नाच्या पंगतीत जिलबी पानात पडते ती ‘नको’ म्हटल्यावरच! पण अशा माणसाच्या बाबतीत एक घास जास्त म्हणजे उलटी, आणि एक घास चुकीचा म्हणजे त्या वेळचे प्रथिन गेले. आग्रह करायचाच असेल तर उसळीचा करावा. उपासाचेही तेच. आषाढीला उपास मोडा असे मी म्हणत नाही. साबुदाण्याऐवजी दूध, दही, पनीर आणि राजगिरा घेऊन तो करता येतो. राजगिऱ्यात प्रथिनेही बरी असतात आणि लायसिनही असते. दाणे चालतात, पण मूठभर नव्हे, चमचाभर. त्यांचे निम्मे वजन तेलाचेच.

माझ्या भावाच्या वहीत पुढच्या दोन महिन्यांत आकडा पन्नाशी ओलांडून साठीला टेकला, आणि बाईंनी सांगितलेला व्यायामही तो करू लागला. आता तो जमिनीवरून आपला आपण उठतो. वजन अजून उतरतेच आहे, पण त्याच्याकडे आम्ही पूर्वीइतके पाहत नाही.

तुमच्या घरी असा कोणी असेल तर त्याच्यासाठी वेगळा स्वयंपाक मांडण्याची गरज फारशी पडणार नाही. डाळ थोडी घट्ट शिजवा, उसळीची वाटी त्याच्या पुढ्यात आणा, भात शेवटी वाढा. आणि एक वही घाला. चार दिवस लिहा, बेरीज करा, आणि साठाला किती कमी पडते ते पाहा.