दयाळ पुन्हा गावा म्हणून



उन्हाळ्यात भल्या पहाटे दयाळ शीळ घालतो. काळा-पांढरा, शेपटी उभी धरणारा पक्षी. आमच्या गल्लीत दोन वर्षं ती शीळ ऐकू आली नाही. चूक आमचीच असावी, असं आम्हांला वाटतं.

गटातल्या आम्ही बायांनी परसं सुंदर करायची ठरवलं. करवंदाचं जुनं कुंपण उपटलं, तारा ओढल्या, नर्सरीतून क्रोटनची रंगीत रोपं आणली. दिसायला छान! पण त्यावर ना फळ, ना अळी. अळी नाही म्हणून आम्ही खूशच होतो. नंतर कळलं, फळं खाणारा बुलबुल आणि फुलांतला मध पिणारा शिंजीरसुद्धा पिलांना किडे-अळ्या भरवतात. आणि भाजीवर आम्ही औषध फवारत होतो ते वेगळंच.

मग लावायचं काय? कढीपत्ता आपल्या दारात असतोच. त्यावर लिंबावरच्या फुलपाखराची अळी येते. चार पानं गेली तर जाऊ द्या, शिंपी पक्षी अळ्या टिपतो. त्याची काळी फळं बुलबुल खातो. झाडाच्या बुडाशी फुटलेली रोपं मुळासकट काढून शेजारणीला द्या. अडुळसा फांदीपासून लागतो, शेळी त्याला तोंड लावत नाही आणि पांढऱ्या फुलांवर शिंजीर येतो. कुंपणाला करवंद लावा. पिकल्या फळाचं बी वाळवून ठेवू नका, लगेच पेरा. बांधावर जागा असेल तर पावसाच्या तोंडाला पांगाऱ्याचा फाटा रोवा. उंबर मात्र घर आणि विहिरीपासून लांब, त्याची मुळं भिंत फोडतात.

पाखरं खातात ते सगळंच लावायचं का? नाही. घाणेरीची फळं बुलबुल आवडीनं खातो आणि बी रानभर टाकतो. तीच घाणेरी चराईचं रान गिळते, जनावरांना बाधते.

गेल्या पावसाळ्यात आम्ही करवंद पुन्हा लावलं. अजून गुडघाभरच आहे, त्यात घरटं नाही. उपटायला एक दिवस लागला होता, वाढायला वर्षं लागतील. पण यंदा चैत्रात दयाळ एकदा बांधावरच्या बाभळीवर गायला. चूल पेटवायची सोडून आम्ही ऐकत उभ्या राहिलो.

तुमच्या पुढच्या बैठकीत बचतीच्या हिशोबानंतर एवढं ठरवा: जुनं कुंपण तोडायचं नाही, आणि प्रत्येकीनं एक रोप लावायचं.