नवजात बालकाचे श्रवण

छत्रपती संभाजीनगर येथे १९५६ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले. त्याच्या ‘घाटी’ रुग्णालयात गावोगावच्या माता प्रसूतीसाठी येतात. घरी परतताना बाळाचे वजन व लस यांची चौकशी होते. तशीच श्रवणाचीही व्हावी.

जन्मतः बहिरे मूलही रडते, हुंकारते. म्हणून शंका येत नाही. थाळी वाजविणे ही खरी कसोटी नव्हे. हाताची हालचाल पाहूनही बाळ वळते. निजलेल्या बाळाच्या कानी सूक्ष्म ध्वनी सोडून अंतःकर्णाचा प्रतिसाद यंत्राने काही मिनिटांत टिपता येतो. प्रतिसाद न मिळाल्यास खचू नये; फेरतपासणी करावी. पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निश्चित निदान व सहाव्यापूर्वी उपचार, हा क्रम पाळावा. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे. जे कानी पडते, तेच मुखी येते. ही वेळ दवडल्यास मुलाची वाणी मागे पडते.